वाचक विचारतात : पहाटे आखडणारे सांधे, ताण आणि कॉर्टिसोल

प्रश्न : मला चार वर्षांपासून रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (सांध्यांना दाह होणारा संधिवात) आहे. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही, चहाचा कप धरता येत नाही. दहा-साडेदहाला हात मोकळे होतात. घरात काही ताणाचं घडलं की दुखणं वाढतं, मरगळ तर कायमचीच. घरचे म्हणतात, सगळं मनाचं आहे. (मिरज)

उत्तर : तुमचं दुखणं मनाचं नाही. हे उत्तर घरच्यांनाही वाचायला द्या.

या आजारात सांध्याच्या अस्तरातल्या पेशी सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडत राहतात. टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ ही त्यांतली मुख्य. इंटरल्युकिन-६ रात्री चढत जातं आणि पहाटे सर्वांत जास्त असतं. दाह आवरणारं शरीराचं स्वतःचं संप्रेरक (हार्मोन) म्हणजे कॉर्टिसोल. ते मात्र मध्यरात्रीच्या सुमारास तळाला असतं. ते पहाटे दोन-तीनपासून वाढू लागतं आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखराला पोचतं. शिवाय रुमॅटॉइडच्या रुग्णांत दाह जेवढा असतो, त्या मानाने कॉर्टिसोल तोकडंच पडतं. मूठ वळत नाही ती याच तासांत.

आता मरगळीबद्दल. सायटोकाइन मेंदूपर्यंत खबर पोचवतात. एक वाट व्हेगस नर्व्हची, म्हणजे छाती-पोटातल्या अवयवांना मेंदूशी जोडणाऱ्या नसेची. दुसरी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची: त्यांच्या अस्तरातल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन तयार करतात आणि ते हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागावर काम करतं. अंग मोडून येणं, अन्नावरची वासना उडणं, कुणाशी बोलावंसं न वाटणं, हे सगळं तिथून येतं. फ्लूच्या तापात आपण सगळेच हे अनुभवतो. तुमच्याकडे ते कमी तीव्रतेने, पण रोज चालू असतं. हेपॅटायटिस सीसाठी पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं देत. ते सायटोकाइनच आहे, आणि आधी कधीही नैराश्य नसलेल्या अनेकांना त्या काळात नैराश्य आलं. तेव्हा या मरगळीला कुणी आळस म्हणू नये.

हीच खबर मिळाल्यावर हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो, त्याने मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते आणि मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल बनवतात. मानसिक ताणही हीच साखळी चालवतो. ताण थोडा वेळ असेल तर बिघडत नाही. तो महिनोन्महिने राहिला की दाहाच्या पेशी कॉर्टिसोलला दाद देईनाशा होतात. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७६ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला होता. ज्यांच्या पेशी कॉर्टिसोलला कमी दाद देत होत्या, त्यांना सर्दी होण्याचं प्रमाण जास्त निघालं.

पुढच्या तपासणीआधी दोन आठवडे वहीत रोज दोनच वेळा लिहा: जाग कधी आली आणि मूठ पूर्ण कधी वळली. ताणाचा दिवस असेल तर खूण करा. आखडणं रोज तासाहून जास्त टिकत असेल, तर बहुधा आजार आटोक्यात नाही. अशा वेळी मेथोट्रेक्सेटसारख्या, आजारालाच आवर घालणाऱ्या मूळ औषधाचा फेरविचार हवा. नुसती वेदनाशामक गोळी वाढवून भागत नाही.

प्रश्न : सहा महिने रोज १० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेतोय. आता बरं वाटतं. बंद केली तर चालेल का? (नांदेड)

उत्तर : एकदम बंद करू नका, हे कळकळीने सांगतो. प्रेडनिसोलोन हे कॉर्टिसोलसारखं काम करणारं स्टिरॉइड आहे. ते बाहेरून मिळत असलं की ॲड्रिनल ग्रंथींना चालना देणारं एसीटीएच घटतं आणि ॲड्रिनल ग्रंथीचा बाहेरचा थर सुकत जातो. रोज ५ मिलिग्रॅमहून जास्त डोस तीन-चार आठवडे झाला तरी हा धोका धरून चालावं लागतं. गोळी अचानक थांबली की कॉर्टिसोल कुठूनच मिळत नाही: मळमळ, उभं राहताच चक्कर, रक्तदाब आणि साखर खाली, कधी जिवावरही बेततं.

सहसा १० वरून ५ पर्यंत एक ते अडीच मिलिग्रॅमच्या पायऱ्यांनी उतरतात. पाचच्या खाली दर चार आठवड्यांनी एक मिलिग्रॅम. वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. ताप आला तर गोळी चुकवायची नाही. त्या दिवसांत डोस किती वाढवायचा तेही आधीच विचारून ठेवा. उलट्यांमुळे गोळी पोटात ठरत नसेल तर थेट इस्पितळ गाठा आणि ‘स्टिरॉइड चालू आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. तिथे हायड्रोकॉर्टिसोनचं (औषधरूपातल्या कॉर्टिसोलचं) १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. शस्त्रक्रियेआधीही सांगायला विसरू नका.

गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यावी. रात्री दहाला घेऊन सुमारे चार तासांनी विरघळणारी वेगळी गोळी पहाटेच्या आखडण्यासाठीच बनवलेली आहे. साधी गोळी मात्र आपल्या मनाने रात्री घेऊ नका; झोप उडते आणि ग्रंथी अधिक दबते. सांधेदुखीवरच्या बिनलेबलच्या पुड्यांतही स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. अशी पुडी चालू असेल तर न लाजता डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : हेल्थ पॅकेजमध्ये कॉर्टिसोल आणि इंटरल्युकिन-६ आहे. ताण कळावा म्हणून करू का? (ठाणे)

उत्तर : नको. कॉर्टिसोल दिवसभरात इतकं वरखाली होतं की एका आकड्यावरून ताण कळत नाही. ॲड्रिनल ग्रंथीच्या आजाराची शंका असेल तर सकाळी आठ-नऊला रक्त देतात. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी आकडा खोटा वाढतो, आणि तपासणीची काही यंत्रं प्रेडनिसोलोनलाच कॉर्टिसोल समजतात. इंटरल्युकिन-६ची तपासणी गंभीर आजारात इस्पितळात कामाला येते. सांध्यांच्या दाहासाठी ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या पुरे, तेही सर्दी-ताप नसताना.