आर्वेन : वेल्श वळणाचं, पण रचलेलं नाव

मुलीचं नाव 'आर्वेन' ठेवायचं मनात आहे. ते खरं वेल्श आहे का आणि शेवट 'वेन' ठेवावा की 'विन', असा प्रश्न आहे.

नाव रचलेलं आहे. इंग्रज लेखक टोल्किन यांनी 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतल्या एल्फ लोकांसाठी सिंदारिन भाषा घडवली. तिचा नाद आपण जाणूनबुजून वेल्शवर बेतला, असं त्यांनी १९५५ मध्ये ऑक्सफर्डच्या व्याख्यानात सांगितलं. सिंदारिनमध्ये आर्वेन म्हणजे कुलीन कन्या. वेल्शमध्ये मात्र '-वेन' येतं 'ग्वेन'वरून: शुभ्र, सुंदर, पवित्र. जोडशब्दात पुढचा 'ग' गळतो, म्हणून ब्रॉनवेन, ऑलवेन, आयर्वेन. मध्ययुगीन कथेतली ऑलवेन जिथे पाऊल टाकी तिथे चार पांढरी फुलं उमलत. आर्वेन कानाला परकं वाटत नाही ते या जुन्या नावांच्या शेजारामुळे, आणि माझ्या मते त्याचा खरा गोडवा हाच.

आता स्पेलिंग, कारण चूक इथेच होते. 'ग्वेन' स्त्रीलिंगी, 'ग्विन' पुल्लिंगी. म्हणून मुलीसाठी डब्ल्यूनंतर ई हवा. तिथे वाय घातला की 'आर्विन' होतं, आणि ते वेल्समध्ये मुलाचं नाव आहे. अमेरिका-ऑस्ट्रेलियात मुलींची नावं वाय घालून सर्रास लिहितात (ब्रॉनविन पाहा), त्यामुळे तिकडच्या याद्यांवरून स्पेलिंग उचलू नका.

उच्चारात आघात उपान्त्य अक्षरावर, म्हणजे 'आर्'वर. वेल्श 'र' आपल्यासारखाच ठसठशीत कंप पावतो, तेव्हा मराठी आजी-आजोबांना नाव सहज जमेल. दक्षिण इंग्लंडमध्ये तो र गिळला जाऊन 'आऽवेन' ऐकू येईल, ही तयारी ठेवा.

स्वतः नाव जोडायचं असेल तर पहिला भाग खरा वेल्श शब्द घ्या: आयर्वेनमध्ये 'आयरा' म्हणजे बर्फ आहे, मायर्वेनमध्ये 'मायर' म्हणजे मेरी. नुसत्या गोड अक्षरांना '-वेन' चिकटवलं तर वेल्श माणूस अर्थ विचारणारच, आणि उत्तर मुलीला द्यावं लागेल. जोडून झालं की एखाद्या वेल्शभाषकाकडून मोठ्याने म्हणवून घ्या.

जन्म वेल्समध्ये झाला असेल तर नोंदणी ४२ दिवसांत करावी लागते; ती इंग्रजीबरोबर वेल्शमध्येही होते. नोंदणीनंतर १२ महिन्यांत पहिलं नाव बदलता येतं, पण ई-वायचा निर्णय आधीच झालेला बरा.