दहावीनंतर थेट गॅरेजात कामाला लागावे की आयटीआय करावे?

दहावी झाली आहे, गाड्यांची आवड आहे, ओळखीच्या गॅरेजवाल्याने उद्यापासून ये म्हणून सांगितले आहे आणि घरचे मात्र आयटीआयचा आग्रह धरून बसले आहेत, तर यातले काय निवडावे, असा तुमचा प्रश्न आहे. सातारा जिल्ह्यात माझे दुचाकी आणि लहान चारचाकींचे गॅरेज आहे, आणि त्याआधी मी एका कंपनीच्या सर्व्हिस स्टेशनमध्ये नोकरी केली आहे. त्यावरून माझे मत असे, की प्रवेश आयटीआयलाच घ्यावा आणि सुट्टीच्या दिवशी त्या गॅरेजात जरूर जावे.

नुसत्या गॅरेजात हात लवकर बसतो, यात शंका नाही. मात्र मिस्त्रीला समजावून सांगायला सवड नसते, त्यामुळे क्लच प्लेट कशी बदलायची हे पोरगा बघून शिकतो, पण ती बदलायची गरज होती की नाही, हे त्याला कोणी सांगत नाही. खोलणे आणि बसवणे हा या धंद्यातला सोपा भाग आहे. दोष नेमका कुठे आहे हे ठरवता येणे, यावरच मेकॅनिकची किंमत ठरते.

नेहमीचे उदाहरण घ्या. सेल्फ मारला की नुसते टक् टक् होते, अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक येते आणि अनेक ठिकाणी त्याला सरळ नवी बॅटरी विकली जाते. मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचे यंत्र) लावला, तर पाच मिनिटांत उलगडा होतो: गाडी बंद असताना चार्ज झालेली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू करून थोडी रेस दिली की आकडा 14 च्या आसपास चढायला हवा. तो चढलाच नाही, तर चार्जिंग होत नाही, म्हणजे दुचाकीत मॅग्नेटोची (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाची) कॉइल किंवा त्या विजेचा दाब आवरणारा रेग्युलेटर तपासायला हवा. नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरणारच. आकडा नीट चढतो, पण सेल्फ मारताच खूप खाली कोसळतो, तेव्हा मात्र बॅटरीवर संशय घ्यावा, तोही टर्मिनल घासून आणि घट्ट करून झाल्यावर.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला आणि त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन, सेन्सर आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, आले. आवाजावरून दोष ओळखणाऱ्या जुन्या मिस्त्रींबद्दल मला आदर आहे, पण आता त्या कानाच्या जोडीला स्कॅनर (ईसीयूने नोंदवलेले दोष दाखवणारे यंत्र) वाचता येणे आणि वायरिंगचा नकाशा समजणे अपरिहार्य झाले आहे. आयटीआयमध्ये या गोष्टींचा पाया घातला जातो. शिकवण्याचा दर्जा सगळीकडे सारखा नसतो, म्हणून प्रवेशापूर्वी त्या संस्थेच्या वर्कशॉपमध्ये चालू स्थितीतली इंजिने आहेत का, हे स्वतः जाऊन पाहावे.

ट्रेड, म्हणजे आयटीआयचा अभ्यासक्रम, निवडताना दोन वर्षांचा 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' मिळाला तर तोच घ्या. 'मेकॅनिक डिझेल' एका वर्षात होतो, पण दोन वर्षांचा ट्रेड उत्तीर्ण झाल्यास पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो. आज त्याची गरज वाटत नसली तरी ती वाट उघडी असावी.

आयटीआयनंतरची अप्रेंटिसशिप, म्हणजे विद्यावेतनावरची उमेदवारी, कुठे करायची, याचा विचार मुले फारसा करत नाहीत. चाकण किंवा पिंपरीच्या मोठ्या कारखान्यात विद्यावेतन आणि कँटीन चांगले असते, पण तिथे असेंब्ली लाइनवर दिवसभर एकच काम करावे लागते आणि त्यातून दुरुस्ती येत नाही. एसटीच्या डेपोत ब्रेक, क्लच, गिअरबॉक्स, एअर सिस्टीम असे सगळे हाताखालून जाते. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळाही आहेत. ज्याला गॅरेजच टाकायचे आहे, त्याने एसटी किंवा सर्व्हिस स्टेशन पाहावे.

इलेक्ट्रिक गाड्यांमुळे हा धंदा बुडेल, ही भीती मला अनाठायी वाटते, कारण ब्रेक, सस्पेन्शन, टायर आणि वायरिंग त्यांनाही असते. मात्र इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत काहीशे व्होल्टचा दाब असतो, तेव्हा रीतसर प्रशिक्षण आणि इन्सुलेटेड हातमोजे यांशिवाय त्या दाबाच्या नारिंगी रंगाच्या केबलींना हात लावू नये. तसेच नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली, कोणीही सांगितले तरी, घोडी (गाडीला खालून आधार देणारा लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय शिरू नये.

स्वतःच्या गॅरेजची घाई करू नका. अप्रेंटिसशिपनंतर दोन-तीन वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काम केले, तर सुटे भाग कोणाकडून आणि किती उधारीवर घ्यावेत, बिघडलेले काम परत आले की गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, हेही कळते. तोवर दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकून चांगल्या पोलादाचे रिंग पाने, गोटी (सॉकेट) सेट आणि नट ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच जमवत राहा. हवेचा कॉम्प्रेसर जुना घेतला तरी चालतो, स्कॅनर मात्र अपडेट मिळत राहणाराच घ्यावा.