चामड्याची सीट भिजली, आता काय करू?

प्रश्न : माझ्या सायकलला ब्रुक्सची बी-१७ ही चामडी सीट आहे. गेल्या रविवारी त्र्यंबकेश्वरहून परतताना अंजनेरीपासून घरापर्यंत पाऊस लागला. सीट मधोमध दबली आहे, खालून पांढरट बुरशी दिसते. चामडं ताणायचा पुढचा नट आवळू का? आई म्हणते, खोबरेल चोळ.
— एक वाचक, सातपूर, नाशिक

उत्तर : पान्ह्याला आत्ता हात लावू नका. या सीटमध्ये फोम नसतो. पुढच्या टोकापासून मागच्या पट्टीपर्यंत चामडं नवारीच्या खाटेसारखं ताणून बसवलेलं असतं. ओलं असताना त्यावर बसलं किंवा नट आवळला की ते लांबतं, आणि लांबलेलं चामडं परत आखडत नाही.

सीट काढून फडक्याने टिपा. दबलेला भाग खालून बोटांनी हलकेच वर उचला आणि वारा लागेल अशा सावलीत ठेवा. आपल्याकडच्या श्रावणात दोन-तीन दिवस लागतील, तेवढे द्याच. मी एकदा घाईने सीट गच्चीवर भर उन्हात ठेवली होती. संध्याकाळपर्यंत कडा वर वळल्या आणि रिबेटांभोवती बारीक चिरा पडल्या. दहा वर्षांची सोबतीण होती ती. अजून हळहळ वाटते.

वाळल्यावर बुरशी कोरड्या मऊ ब्रशने झटका. वरच्या बाजूला पांढरं दिसलं तर आधी बोटाने चोळून पाहा. बोटाच्या उबेने विरघळलं तर ते जुनं मेण आहे, बुरशी नव्हे.

आईंना सांगा, खोबरेल केसांनाच बरं. तेल आत मुरून चामडं लुसलुशीत होतं आणि या सीटचा सगळा जीव तिच्या ताठपणात आहे. सीटसाठीचं मेणाचं मलम मिळतं, त्याचा पातळ हात द्या. खालच्या खरखरीत बाजूलाही द्या, कारण पाणी तिथूनच जास्त शोषलं जातं. रात्रभर मुरू द्या, सकाळी फडक्याने चकाकवा. एवढं करूनही झोळ राहिला तरच नट पाव फेरा फिरवा, आणि पुढचे काही महिने विसरून जा.

बुरशी खालून आली यावरून वाटतं, तुमच्या मागच्या चाकाला मडगार्ड नसावं. चाकाने उडवलेलं पाणी थेट सीटच्या पोटाला लागतं, वर कितीही प्लास्टिकची पिशवी बांधा. पुढच्या रविवारच्या आत मडगार्ड बसवून घ्या.