गुन्हेगार राज्य बदलत राहिला, तर त्याच्या जुन्या गुन्ह्यांचा शिक्षेवर परिणाम कमी होतो का?

तुम्ही विचारलंय की सतत जागा बदलणाऱ्या गुन्हेगाराची पाटी कोरी दिसते आणि तो हलक्या शिक्षेवर सुटतो, हे खरं आहे का. कधीकधी खरं आहे. पण राज्य बदलल्यामुळेच शिक्षा वाढल्याचंही मी वाचलंय, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. शिक्षा ठरवण्याबाबतचे अमेरिकी निकाल मी बरीच वर्षं वाचतोय, म्हणून उदाहरणं तिथलीच देतो. पन्नास राज्यांचे पन्नास फौजदारी कायदे आणि वर केंद्राचा वेगळा, त्यामुळे हा गुंता तिथे स्पष्ट दिसतो.

आधी कोऱ्या पाटीचं बघू. १९९४ साली १५ राज्यांच्या तुरुंगांतून सुटलेल्यांचा तिथल्या न्याय खात्याने तीन वर्षं माग ठेवला. ६७.५ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली. सुटलेल्यांपैकी ७.६ टक्क्यांना ती दुसऱ्याच राज्यात झाली. फक्त आपल्या राज्याचं दफ्तर उघडणाऱ्याला या अटका दिसल्याच नसत्या. आता बोटांच्या ठशांवरून एफबीआयमार्फत इतर राज्यांच्या नोंदी मिळतात. तरी अटकेची तारीख आहे आणि पुढे खटल्याचं काय झालं तो रकाना रिकामा, असं खूप आढळतं. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे त्या रिकाम्या रकान्यासमोर विसरलं जातं. मला ही गोष्ट फार खुपते.

आता उलटी बाजू. केंद्रीय न्यायालयांच्या शिक्षेविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत पूर्वेतिहासाला गुण असतात; गुण जितके जास्त, तितका वर्ग वरचा आणि शिक्षा मोठी. पूर्वीची शिक्षा १३ महिन्यांहून जास्त असेल तर ३, किमान ६० दिवसांची असेल तर २, त्याहून कमी असेल तर १. गुण मिळतात ते मुख्यतः शिक्षेच्या लांबीवर, गुन्ह्याच्या स्वरूपावर नाही. समजा, दोघांनी तीन-तीन सारख्याच चोऱ्या केल्या आणि दोघेही दर वेळी वेगळे पकडले गेले. एकाला त्याच्या राज्यात दर वेळी ९० दिवस कैद झाली, दुसऱ्याला त्याच्या राज्यात दर वेळी प्रोबेशन, म्हणजे कैदेऐवजी देखरेखीखाली मोकळीक, मिळालं. पहिल्याचे ६ गुण, वर्ग तिसरा. दुसऱ्याचे ३, वर्ग दुसरा. पुढे दोघेही राज्य सोडून एकाच केंद्रीय न्यायालयात, गांभीर्याच्या १२ पातळीच्या एकाच गुन्ह्यासाठी उभे राहिले, तर पहिल्यासाठी त्या तत्त्वांतलं शिक्षेचं कोष्टक १५ ते २१ महिने सांगतं, दुसऱ्यासाठी १२ ते १८. २००५ पासून हे कोष्टक बंधनकारक नाही, पण हिशेब तिथूनच सुरू होतो. म्हणजे कडक राज्य सोडलं तरी त्याचा कडकपणा माणसाच्या पाठोपाठ येतो.

शब्दांचा घोळ तर याहून मोठा. कॅलिफोर्नियाच्या जुन्या कायद्यात घरफोडीसाठी बेकायदा शिरणं लागतच नसे. चोरीच्या इराद्याने उघड्या दुकानात पाऊल टाकलं तरी ती घरफोडीच. दुसऱ्या ठिकाणचा न्यायाधीश कागदावर ‘घरफोडी’ वाचतो, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर रात्री फोडलेलं दार येतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या टेलर खटल्यात ठरवून दिलं की सशस्त्र सराईत गुन्हेगारांसाठीच्या केंद्रीय कायद्याखाली शिक्षा वाढवताना राज्याने गुन्ह्याला काय नाव दिलं ते बघायचं नाही, राज्याच्या कायद्यात त्या गुन्ह्याचे घटक कोणते ते बघायचं. २०१३ मध्ये डेस्कॅम्प्स खटल्यात कॅलिफोर्नियाची ती घरफोडी याच कसोटीवर बाद झाली. हा निकाल मला मनापासून पटतो, गुन्हेगाराला सूट मिळते अशी टीका त्यावर झाली तरीही. जे कृत्य सिद्धच झालं नाही, त्यासाठी वर्षं वाढवायची कशी?

देशाची सीमा ओलांडली की नियम आणखी बदलतात. अमेरिकेच्या याच तत्त्वांत परदेशी शिक्षेला गुण नाहीत, मात्र न्यायाधीश ती लक्षात घेऊन कोष्टकाच्या वर जाऊ शकतो. युरोपीय संघाने २००८ मध्ये उलटा मार्ग धरला. दुसऱ्या सदस्य देशातली दोषसिद्धी नव्या खटल्यात आपल्या देशातल्या दोषसिद्धीइतकीच धरायची. २०१२ पासून त्यांची गुन्हे नोंदवह्या जोडणारी यंत्रणाही चालू आहे.

तुमचा प्रश्न एखाद्या चालू प्रकरणाबद्दल असेल, तर वकिलाला एवढं नक्की विचारा: जुन्या न्यायालयाच्या मूळ निकालाची प्रत मागवली आहे का, की नुसत्या यादीवरच काम चाललंय?