कुठे उभं राहायचं?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो, दोन्ही नीट पाहिले. प्रवासाला निघण्याआधी कंपोझिशन, म्हणजे फोटोच्या चौकटीतली मांडणी, शिकायचंय, असं लिहिलंयस. मग आजच घरात सुरुवात कर. नव्या जागी माणूस इतका हरखून जातो की तिथे शिकणं होत नाही. आधी अंगवळणी पडलेलं असेल तेवढंच कामी येतं.

विषय तू छान निवडतेस. अडचण एवढीच, की एखादी गोष्ट जिथून पहिल्यांदा दिसली तिथूनच तू फोटो काढतेस. म्हणून पहिला सराव पायांचा. खिडकीजवळ एक खुर्ची ठेव आणि झूम न करता तिच्याभोवती फिर. जवळ जा, मागे सर, जमिनीवर बस, स्टुलावर चढ. लक्ष मात्र खुर्चीच्या मागे काय येतंय त्यावर ठेव. दाराची कड खुर्चीच्या पाठीला चिकटलेली दिसत असेल, तर अर्धं पाऊल बाजूला सरकल्यावर ती सुटी होते. झूम करून हे साधत नाही. झूममुळे चौकट फक्त आवळली जाते. पुढची वस्तू मागच्या वस्तूच्या कुठे येणार, हे तू उभी कुठे आहेस त्यावर ठरतं. माझ्या मते कंपोझिशनमध्ये याहून महत्त्वाचं काही नाही, तेव्हा सर्वांत जास्त वेळ यालाच दे.

फोनच्या कॅमेऱ्यातली ग्रिड सुरू कर, म्हणजे पडद्यावर दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघा येऊन चौकटीचे तीन-तीन भाग होतील. ‘रूल ऑफ थर्ड्स’, म्हणजे एक-तृतीयांशाचा नियम, हे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांविषयी लिहिताना वापरलं. तेव्हा फोटोग्राफीचा शोधही लागला नव्हता. त्याचा मुद्दा प्रमाणाचा होता: आकाश आणि जमीन, उजेड आणि अंधार यांनी चित्र निम्मं-निम्मं वाटून घेऊ नये. म्हणून क्षितिज वरच्या रेघेवर की खालच्या, हे ठरवण्याआधी त्या दृश्यात आकाश मोलाचं आहे की जमीन, हे स्वतःला विचार. संथ पाण्यात प्रतिबिंब पूर्ण उतरलं असेल, तर क्षितिज खुशाल मधोमध घे.

बटण दाबण्याआधी चारही कडांवरून एकदा नजर फिरव. मनगटापाशी तुटलेला हात, कोपऱ्यातला पांढरा ठिपका अशा गोष्टी तिथेच सापडतात.

यापुढचा सराव थांबण्याचा. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच फोटोग्राफरचा १९३२ सालचा, फ्रान्समधल्या इएर गावातला फोटो शोधून बघ. वरून दिसणारा वळणदार जिना आणि खालच्या रस्त्यावरून जाणारा सायकलस्वार. सायकलस्वारावर बोट ठेवून तो झाकून बघ. जिन्याचं वळण नजरेला खाली रस्त्यापर्यंत नेतं, पण तिथे काहीच भेटत नाही. तू जिन्यावरून किंवा खिडकीतून अशी एखादी रिकामी चौकट पक्की कर आणि तिच्यात कुणीतरी येईपर्यंत हलू नकोस. चालणाऱ्या माणसाच्या पुढे थोडी जागा मोकळी सोड आणि दोन पायांमध्ये फट दिसेल तो क्षण पकड. प्रवासात गल्लीच्या तोंडाशी किंवा स्टेशनच्या पुलावर हेच करायचं. कुणाचा चेहरा जवळून घेणार असशील, तर आधी त्यांना विचार. नको म्हणाले तर कॅमेरा खाली घे.

प्रसिद्ध वास्तूसमोर सगळे जिथून फोटो काढतात, तिथून तूही एक काढ. मन मोकळं होतं. मग तिच्याभोवती फिर. उंच इमारतीसाठी फोन वर कलला की भिंती मागे झुकलेल्या दिसतात. त्यापेक्षा लांब जा, फोन सरळ धर आणि खालचा जास्तीचा भाग नंतर काप. सकाळचं तिरकं ऊन भिंतीचा खडबडीतपणा दाखवतं. दुपारी तीच भिंत सपाट वाटते, तेव्हा कमानी आणि आडोशाच्या सावल्यांकडे वळ.

परतल्यावर फोटो पाठवशील तेव्हा निवडक नकोत. एखाद्या जागेचे ओळीने काढलेले सगळे पाठव, फसलेलेसुद्धा. कुठून कुठे सरकलीस आणि कुठे घाई केलीस, ते मला त्यातून दिसेल. मग एकेका फोटोवर सविस्तर लिहीन.

सप्रेम