बूट दोन नंबर मोठा घेतला, आता घोटा आत पडतोय

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही जुळे सोलापूरला राहतो. मुलगा ११ वर्षांचा आहे, तीन वर्षं साध्या अ‍ॅडजस्टेबल इनलाइनवर (एका रांगेत चाकं असलेले स्केट) खेळला, आता सर म्हणाले स्पीड स्केटिंगचे बूट घ्या. नवीन परवडेना म्हणून ओळखीतून सेकंडहँड कार्बनचा जोड घेतला, ११० मिलिमीटरच्या चार व्हीलचा. पाय वाढतोय म्हणून मुद्दाम दोन नंबर मोठा घेतला, दोन जाड मोजे घालतो तरी घोटे आत पडतात, नडगी दुखते म्हणतो, दहा मिनिटांत येऊन बसतो. जुन्या स्केटला घोट्याच्या वरपर्यंत बकल होतं, याला तर घोट्याजवळ काहीच नाही. अँकल सपोर्टचा पट्टा बांधू का? सासूबाईंचं म्हणणं आहे की पायच कमजोर आहेत, दूध वाढवा.

उत्तर : वहिनी, दूध द्याच, पण घोट्याचं दुखणं दुधाचं नाही, मापाचं आहे. गड्ड्याच्या जत्रेत चप्पल घेताना आपण पुढच्या वर्षी पण चालंल म्हणून अंगठ्याएवढी जास्तीची घेतो ना, तोच हिशोब तुम्ही स्पीडच्या बुटाला लावलात आणि इथेच घोळ झाला.

स्पीडचा बूट घोट्याच्या खाली संपतो ते काही पैसे वाचवायला नाही. गुडघा खूप खाली वाकवून बाजूला ढकलायचं असतं, त्यासाठी घोटा मोकळा वळला पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये चीनमध्ये बैदाइहेला आपल्या आनंदकुमार वेलकुमारने स्पीड स्केटिंगच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची १००० मीटर स्प्रिंट आणि ४२ किलोमीटरची मॅरेथॉन, दोन्हीत गोल्ड घेतलं, त्याचे व्हिडिओ पोराला दाखवा आणि सगळ्या खेळाडूंचे बूट कुठे संपतात ते बघायला सांगा. वरून आधार नाही म्हणजे सगळी पकड टाचेच्या वाटीत. बूट मोठा असला की टाच त्या वाटीत नाचते, आणि टाच नाचली की घोटा पडणारच, पोरगा पैलवान असला तरी. मग पाय सावरायला तो बोटं आवळून धरतो आणि नडगीचा स्नायू सतत ताणलेला राहतो, दुखणार नाही तर काय. जाड मोजे घालून पोकळी भरत नाही, मोजाच आतल्या आत सरकतो. एकच पातळ मोजा घाला. पट्टा नको, तो बांधून घोट्याला आळशी करायचं काम होतं, टाच हलायची ती हलतेच.

आता माप. संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये तर जास्तच. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं करा, बसवून नको, उभं राहिलं की पाऊल पसरतं. पेन्सिल सरळ धरून सगळीकडून रेघ ओढा, दोन्ही पायांची. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा, आणि चवड्याची रुंदी पण. बऱ्याच पोरांचे दोन पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरायचं. बुटावर ३६, ३७ लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, कंपनीगणिक तो आकडा वेगळा निघतो, सेंटिमीटरचा चार्ट विचारा.

बूट घातल्यावर टाच मागे ठोकून बसवायची आणि मग लेस बांधायची, हे पोरं उलटं करतात. उभं राहिलं की अंगठा पुढे जेमतेम लागावा, गुडघे वाकवून स्केटिंगच्या पोझिशनला बसलं की किंचित मागे यावा. मग तुम्ही खाली बसून बूट दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून धरा आणि त्याला टाच उचलायला लावा. आत उचलली गेली तर तो बूट त्याचा नाही, विषय संपला. वाढत्या पोरासाठी मी फार तर अर्धा सेंटिमीटर जागा सोडते, तुमच्याकडे दीड तरी असेल. म्हणून माझं सरळ मत, हा जोड एखाद्या मोठ्या पोराला विकून टाका आणि मापाचा घ्या. दोन वर्षांनी तोही विकला जाईल, आपल्याकडे स्केटिंगवाल्या पालकांमध्ये हे चालतंच. फक्त नवीन बुटावर जुनी फ्रेम, म्हणजे व्हीलं बसवलेली खालची पट्टी, लावणार असाल तर बोल्टमधलं अंतर बघून घ्या, १६५ आणि १९५ मिलिमीटर ही नेहमीची मापं असतात, चुकलं की बूट एकीकडे फ्रेम एकीकडे. आणि ११० ची व्हीलं सध्या काढा हो, ९० किंवा १०० वर पोरगा जमिनीच्या जवळ राहतो, घोट्याला सोपं जातं. मापाचा बूट असूनही घोटा आत पडला तर सरांना सांगून फ्रेम आतल्या बाजूला एक-दोन मिलिमीटर सरकवून घ्या, एकदम जास्त नको.

प्रश्न : ताई मी विजापूर रोडवरून, कॉलेजला आहे. माझा बूट मापाचा आहे पण आतला घोटा एका जागी घासतो, फोड फुटून परत तिथेच येतो. मित्र म्हणतो मायक्रोवेव्हमध्ये गरम कर.

उत्तर : मित्राला आधी थांबव! कार्बन आणि बोल्ट मायक्रोवेव्हमध्ये, घर पेटवायचंय का बाबा? गॅसवर पण नाही.

आधी नेमकी जागा शोध. घोट्याच्या हाडावर ओलं कुंकू लाव, मोजा न घालता पाय हळूच बुटात घाल, लेस बांध, उभा राहा, काढ. आत लाल ठिपका पडतो तीच जागा. तू बोटाने चाचपून जिथे समजत होतास त्याच्यापासून हा ठिपका बहुतेक वेळा बोटभर तरी लांब निघतो, मी स्वतः एकदा चुकीची जागा ठोकत बसले होते.

मग बूट हीट मोल्ड होणारा, म्हणजे गरम करून पायाच्या आकाराला बसणारा, आहे का ते कंपनीच्या माहितीत बघ, सगळे कार्बन बूट होत नाहीत. होत असेल तर फ्रेम काढून टाकायची, ओव्हन साधारण ८० डिग्रीला आधी तापवून बूट १५-२० मिनिटं आत, पण कंपनीने दुसरा आकडा दिला असेल तर तोच धर. घरच्या ओटीजीवर (छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनवर) विश्वास नको, कित्येकांचा आकडा १०० पासून सुरू होतो आणि आत कमीजास्त होतं, ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर आण. मऊ झाला की पातळ मोजा घालून बूट चढव, टाच ठोक, लेस बांध, गुडघे वाकवून बस आणि गार होईपर्यंत हलू नको. फक्त तो एक ठिपका राहिला तर हीट गनने तेवढीच जागा मऊ करून पळीच्या गोल पाठीने आतून बाहेर दाबून धरायची. कार्बन घासून पातळ करू नको, धूळ नाकात जाते आणि बूट तिथेच तडकतो.

आणि हे सगळं फोड सुकल्यावर, तोपर्यंत आठवडाभर बूट घालू नकोस.