तेराव्यापर्यंत घरी गरुडपुराण वाचतात. त्यातला नरक कायमचा असतो का?

नाही, भोग संपला की जीव तिथून सुटतो. भागवताच्या पाचव्या स्कंधात (अध्याय २६) तामिस्र, रौरव, कुंभीपाक असे २८ नरक मोजलेत, आणि उरलेल्या पापपुण्यासह जीव पुन्हा इथेच जन्मतो असं शेवटी स्पष्ट म्हटलंय. बौद्धांचंही तेच. मज्झिमनिकाय या पाली ग्रंथातल्या देवदूतसुत्तात यम फक्त विचारतो, म्हातारा, आजारी, प्रेत पाहून शहाणा का झाला नाहीस? पुढच्या यातनांत पालुपद एकच: पापकर्म संपेपर्यंत मरण नाही. म्हणजे मुदत लांब, पण मुदतच. अपवाद मध्वाचार्यांच्या द्वैतमताचा: तमोयोग्य, म्हणजे स्वभावानेच अंधाराला लायक मानलेल्या जीवांना अंधतमस या नरकातून सुटका नाही. त्यामुळे तुमचं घर गोव्यातल्या काणकोणच्या पर्तगाळी या माध्व मठाचं अनुयायी असेल तर उत्तर थोडं बदलतं. कवळे मठाच्या स्मार्तांना, म्हणजे अद्वैत मानणाऱ्यांना, हा अपवाद लागू नाही.